रिपोर्ट नॉर्मल, दुखणं चालूच

‘रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत’ हे ऐकून बहुतेकांना हायसं वाटतं. पण कणीक मळताना जिची मनगटं ठणकतात, तिला आता घरी काय सांगायचं याची धास्ती पडते. ‘काही निघालं नाही ना? मग झालं तर!’ असं घरचे मायेनेच म्हणतात. त्यानंतर मात्र तिनं ‘आई गं’ म्हटलं तरी कुणी मान वर करत नाही.

तपासणी विचारलेल्या प्रश्नापुरतंच बोलते. ईएसआर, सीआरपी शरीरातल्या दाहाचा अंदाज देतात. आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी आमवाताची प्रतिपिंडं शोधतात. पण आमवात असलेल्या साधारण पाचातल्या एकाच्या रक्तात ती सापडतच नाहीत. उलट काही धडधाकट माणसांचा आरए फॅक्टर पॉझिटिव्ह येतो. एक्स-रेत हाडाची झीज दिसते, तीही बरीच उशिरा.

पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये घरोघरी जाऊन पाहणी केली. चार हजारांवर प्रौढांपैकी सुमारे 18 टक्के लोकांना सांध्यांचं, स्नायूंचं दुखणं होतं. आमवात निघाला जेमतेम अर्ध्या टक्क्याला. उरलेल्यांत गुडघे झिजलेले पुष्कळ होते, आणि ज्यांच्या दुखण्याला धड नाव देता येईना असेही कितीतरी. ती सगळी कष्टाची माणसं काय खोटं सांगत होती? 2006 च्या चिकुनगुनियानंतर तर महाराष्ट्रातल्या गावोगावी लोकांनी हे भोगलं: ताप चार दिवसांत उतरला, सांधे महिनोन् महिने धरलेले राहिले.

सांध्यात बिघाड सापडत नसतानाही मज्जासंस्था वेदनेचे संदेश वाढवून पोचवत राहू शकते, हे आता वैद्यकशास्त्र मानतं. फायब्रोमायल्जिया या अंगभर दुखण्याच्या विकारात असंच घडतं असं मानतात. हळूहळू वाढवलेला व्यायाम, पुरेशी झोप आणि काही औषधं यांनी त्यात आराम पडतो. पण ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून परत पाठवलेल्या बाईपर्यंत यातलं काही पोचतच नाही. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा माणसाने सांगितलेल्या वेदनेचा मान राखावा, असं सोबतच्या टिपांत नोंदवलं. हे लिहून ठेवावं लागलं, याचं मला फार वाईट वाटतं.

एकदा आलेला नॉर्मल रिपोर्ट कायमचाही नसतो. सांध्यावर सूज दिसली, ताप येऊ लागला, वजन उतरलं, तर संधिवाततज्ज्ञाकडे पुन्हा जायलाच हवं. आणि डॉक्टरांनी फाईल मिटण्याआधी एवढं तरी विचारावं: सकाळी उठल्यावर सांधे मोकळे व्हायला किती वेळ लागतो? अर्ध्या तासाहून जास्त लागत असेल, तर रक्त काही म्हणो, आमवाताची शंका सोडता येत नाही.