तळ नसलेल्या जगांसाठी गाऱ्हाणं

बा देवा रामेश्वरा म्हाराजा, तुझ्यासमोर रोज गाऱ्हाणी घातली जातात. कुणाच्या होडीला मासळी मिळू दे, कुणाच्या झिलाला नोकरी लागू दे, कुणाच्या चेडवाचं लग्न जमू दे. तू सगळ्यांचं ऐकतोस. त्यांच्याच रांगेत उभा राहून आज मी गुरू आणि शनी या तुझ्या दोन अवाढव्य ग्रहांपायी गाऱ्हाणं घालतो आहे. आम्ही त्यांची शांत केली, त्यांच्या वारांना उपास धरले, तेल वाहिलं. पण ते घडवल्याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेलेत. ते आधी मानतो, मागणं मागाहून मागतो.

पहिले आभार पायाखालच्या कातळाचे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. त्याआधी किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यावर पूजा झाली. तिथे गणपतीबरोबर चंद्र-सूर्यही कोरलेले आहेत. पायात शिसं ओतलं आणि तट उभा राहिला, कारण खाली कातळ होता. आमच्या समुद्रालाही तू तळ दिलास. दोरीला वजन बांधून सोडलं की कुठेतरी टेकतं आणि किती वाव पाणी आहे ते कळतं.

गुरूवर सोडलेलं वजन टेकणार नाही. वर अमोनियाच्या बर्फकणांचे पांढरे ढग, त्यांच्याखाली तपकिरी थर, त्याच्याही खाली पाण्याचे ढग, आणि मग मुख्यतः हायड्रोजन, खाली जावं तसा दाट आणि तापलेला. वायू कुठे संपला आणि द्रव कुठे सुरू झाला अशी रेघ तू मधे ओढलीच नाहीस. आणखी खोल, आपल्या हवेच्या दाबाच्या दहा लाख पटींपलीकडे, त्या हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि त्यातून वीज वाहू लागते. गुरूचं प्रचंड चुंबकीय क्षेत्र तिथे जन्मतं. ७ डिसेंबर १९९५ रोजी गॅलिलिओ यानाने धाडलेली कुपी हवाई छत्रीला लटकून त्या ढगांत उतरली. सुमारे तासभर ती खालून निरोप पाठवत राहिली, मग उष्णतेने तिची वाचा बंद झाली. सत्तर हजार किलोमीटर त्रिज्येच्या त्या ग्रहात ती दीडशे किलोमीटरच्या आसपास पोचली होती.

मध्यभागी तरी दगडाचा घट्ट गोळा असेल, असं पुष्कळांना वाटे. २०१६ पासून गुरूला घिरट्या घालणाऱ्या जुनो यानाने त्याच्या गुरुत्वाकर्षणाची बारीक मापं घेतली, तेव्हा तो गाभाही आजूबाजूच्या हायड्रोजनात विरघळून दूरवर पसरला असल्याच्या खुणा मिळाल्या. पृथ्वीच्या ३१८ पट वस्तुमान, आणि पाय टेकायला हातभर जागा नाही! तरी साडेचार अब्ज वर्षं तो सुखरूप आहे, दहा तासांच्या आत स्वतःभोवती एक फेरी पुरी करतो आहे. त्याला कातळ लागला नाही. आम्हाला लागतो, हे ओळखून तू तो दिलास म्हाराजा.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं. माड मोडले, कौलं उडाली, विजेचे खांब आडवे झाले, कितीतरी वाड्या दिवसेंदिवस काळोखात राहिल्या. घराघरात तुझाच धावा चालला होता. समुद्राच्या कोमट पाण्यावर पोसलेलं ते वादळ पुढे गुजरातच्या जमिनीवर चढलं आणि विरून गेलं. ज्या भूमीला वादळ झोडपतं तीच त्याचा जीव घेते. गुरूवर अशी भूमीच नाही, म्हणून तिथला तांबडा डाग मरता मरत नाही. दीडशे वर्षांच्या वर माणसं तो दुर्बिणीतून पाहताहेत. आमच्या वादळांच्या पोटात हवेचा दाब कमी असतो, त्याच्या पोटात जास्त. त्याचे वारे ताशी चारशे किलोमीटरच्या पुढे जातात आणि त्याची मुळं ढगांखाली काहीशे किलोमीटर गेलेली आहेत. अलीकडे तो आकसतो आहे, तरीही अख्खी पृथ्वी आत मावेल. आमच्या वादळांना तू चार-आठ दिवसांचंच आयुष्य दिलंस. ज्यांच्या घरावर तेव्हा माड पडला त्यांच्यापुढे उभं राहून हे बोलणं सोपं नाही, पण तुझ्यापुढे बोलतो, कारण ते खरं आहे.

आता हेलियमचं. हे आमच्याच किनाऱ्याचं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास ग्रहणाची सावली अरबी समुद्रावरून आली आणि याच कोकणपट्टीतून देशावर चढली. विजयदुर्ग किल्ल्यात ज्यांना साहेबाचे ओटे म्हणतात, तिथे अजूनही १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. त्या दिवशी घाटापलीकडे, पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात, लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक लावून बसले होते. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचे ते नातू. पावसाळ्याचे दिवस, आभाळात ढगांची ये-जा. तेवढ्यात एक फट मिळाली आणि काळ्या सूर्याच्या कडेला उसळलेल्या ज्वालेत त्यांना तीन झळझळीत रेघा दिसल्या: तांबडी, नारिंगी, निळी. मधली त्यांनी सोडियमची मानली. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकयर यांनी ग्रहणावाचून सूर्याच्या कडेवर तीच मधली, पिवळसर रेघ पाहिली आणि ती सोडियमच्या जागेवर बसत नाही हे ओळखलं. तोवर पृथ्वीवर कुणालाही न सापडलेल्या त्या द्रव्याला हेलियम म्हणू लागले. ते पृथ्वीवर हाती लागलं १८९५ मध्ये, विल्यम रॅम्झी यांना, युरेनियमच्या एका खनिजात.

देवा, ज्याची ओळख आम्हाला सूर्य झाकून करून दिलीस, त्याचाच पाऊस तू शनीच्या पोटात पाडतो आहेस. सार गरम असेतो तेल त्यात मिसळल्यासारखं दिसतं, निवत चाललं की वेगळं होतं. शनी निवत चालला तसं त्याच्या आतल्या दाट हायड्रोजनमध्ये हेलियम मिसळून राहीना. त्याचे थेंब झाले. मात्र ते वर तरंगत नाहीत, जड असल्याने खाली बुडतात. हजारो किलोमीटर बुडताना त्यांच्या घर्षणाची ऊब होते, आणि सूर्याकडून मिळते त्याच्या जवळपास दुप्पट उष्णता शनी बाहेर टाकतो, त्यातली जादा ऊब बरीचशी या पावसामुळे, असं शास्त्रज्ञ मानतात. हा पाऊस कुणी पाहिलेला नाही, पाहणंही शक्य नाही. पण असाच पाऊस गुरूतही पडत असावा, कारण तिथे उतरलेल्या त्या कुपीला वरच्या हवेत हेलियम थोडं कमी भरलं आणि निऑन तर फारच कमी. निऑन हेलियमच्या थेंबांत विरघळून त्यांच्याबरोबर खाली जातो. थेंब कधीच दिसले नाहीत, पण त्यांनी वरून काय नेलं ते मोजता आलं. तुझ्या कामाची खूण अशी उणिवेतूनही ओळखता यावी, एवढी बुद्धी माणसाला दिलीस.

आणि शनीची ती कडी! या टोकापासून त्या टोकापर्यंत २,८०,००० किलोमीटर, आणि जाडी बहुतेक ठिकाणी दहा मीटरच्या आसपास. जवळजवळ निव्वळ पाण्याच्या बर्फाची. वाळूच्या कणाएवढ्या तुकड्यांपासून घराएवढ्या ढेपांपर्यंत प्रत्येक तुकडा आपापल्या वाटेने शनीला प्रदक्षिणा घालतो आहे. शनीच्या ढगांवर ठळक खूण नाही, म्हणून त्याचा दिवस नेमका किती तासांचा हेच बरीच वर्षं ठरेना. उत्तर तू कड्यांत ठेवलं होतंस. शनी आतून सतत हेलकावतो, त्या हेलकाव्यांनी त्याची ओढ किंचित कमीजास्त होते आणि आतल्या कड्यांत नागमोडी लाटा उठतात. कॅसिनी यानाने कड्यांआडून येणारा ताऱ्यांचा प्रकाश तपासून त्या लाटा टिपल्या. त्यांवरून २०१९ मध्ये शनीचा दिवस १० तास ३३ मिनिटं ३८ सेकंदांचा निघाला. दोन वर्षांनी त्याच लाटांवरून कळलं की त्याचा गाभाही विरघळलेला आहे, त्रिज्येच्या साठ टक्क्यांपर्यंत पसरलेला. ज्या पोटात कुठलंही यान उतरू शकणार नाही, तिथला थरकाप तू बाहेरच्या बर्फावर उमटवून ठेवलास. म्हाराजा, मी ज्ञानेंद्रियांबद्दल तुझे आभार मानतोच, पण या सोयीबद्दल जास्त मानतो.

ती कडी कायमची नाहीत. त्यांतलं पाणी थेंबाथेंबाने शनीवर गळतं आहे, आणि तीस कोटी वर्षांत, कदाचित त्याच्या कितीतरी आधी, ती सरतील. ती कधी जन्मली याबद्दल शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत. माणूस दुर्बीण घडवण्याइतका शहाणा झाला तेव्हा ती तिथे होती, ही तुझी कृपाच.

आता मागणं. पहिलं मागणं भयाचं. शनीला सूर्याची एक फेरी करायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणून एका राशीत तो अडीच वर्षं दिसतो आणि तीन राशींचे होतात साडेसात, तीच साडेसाती. तो आपल्या वाटेने चालला आहे आणि इथे आयांचे जीव झुरताहेत. मालवणात चिवल्याच्या वाळूवर एकदा दुर्बीण लावली होती. बाजारातून परतणारी एक मासेवाली रिकामी पाटी खाली ठेवून वाकली, भिंगाला डोळा लावला, खूप वेळ काही बोलली नाही. मग कपाळाला हात लावून तिने विचारलं, "ह्यो माझ्या झिलाकडे बघता काय रे?" मी म्हटलं, "नाय गे बाय, आपणच त्याच्याकडे बघतो आहोत. तो उजेड तिथनं निघून सव्वा तासाच्या वर झाला." ती पुन्हा वाकली आणि कडी दिसताहेत का ते बघत राहिली. तिच्या पोराची नोकरी जाण्याचं कारण शनीत नव्हतं, आणि ज्याने कुणी तसं सांगून तिच्याकडून पैसे काढले त्याला तू सुबुद्धी दे. तिचं भय काढून घे देवा. नमस्कार मात्र राहू दे. तो योग्य ठिकाणी होता.

दुसरं मागणं काळोखाचं. बंदी असताना एलईडीचे झोत सोडून मासेमारी करणाऱ्या नौकांनी रात्री क्षितिज पांढरं होतं. कोवळी मासळी उजेडाला भुलून जाळ्यात जाते, रापणकाराच्या वाट्याला काही उरत नाही, आणि आभाळाची ती बाजू पोरांना दिसेनाशी होते. समुद्राचा काळोख समुद्राला परत मिळू दे. किनाऱ्यावर आम्हीही पर्यटकांसाठी दिवे वाढवत चाललो आहोत. तेवढ्याने कुणाचं पोट भरतं, हे मला कळतं, म्हणून दिवे विझव असं मागत नाही. त्यांची तोंडं वाळूकडे वळू देत.

तिसरं मागणं २०३२ सालचं. २०२५ च्या मार्चमध्ये कडी आपल्याला बरोबर काठावरून दिसत होती, म्हणजे दिसेनाशीच झाली होती. आता ती हळूहळू उघडताहेत. २०३२ च्या डिसेंबरात ती जवळपास पुरती उघडी असतील, शनी संध्याकाळी उगवून रात्रभर आभाळात राहील आणि मध्यरात्री मालवणच्या जवळजवळ माथ्यावर येईल. त्या महिन्यात अवकाळी ढग आणू नकोस म्हाराजा. तोवर आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळांना एकेक बरी दुर्बीण मिळू दे. खाऱ्या दमट हवेने तिच्या भिंगांवर बुरशी चढू देऊ नकोस, आणि ती लावायला शिकलेल्या मास्तरांची नेमकी त्याच वर्षी बदली होऊ देऊ नकोस. आज जी पोरं पहिलीत आहेत ती तेव्हा मोठी झालेली असतील. त्यांच्यातल्या एखाद्या चेडवाला शनीच्या पोटात काय चाललंय ते शोधायचा ध्यास लागला, तर तिच्या आईबापांना तिला पुण्याला, मुंबईला, आणखी लांब जिथे शिकावं लागेल तिथे पाठवायचं बळ दे, आणि तिची फी भरायच्या वेळी त्यांच्या हाताशी पैसा असू दे.