मंदीत कोण कोणाचं देणं लागतो?

भाईंदर पूर्वेला गोडदेव, नवघर, फाटक रोड या पट्ट्यात स्टीलच्या भांड्यांचे छोटे गाळे आहेत. एका गाळ्यात प्रेस, दुसऱ्यात पॉलिश, तिसऱ्यात पॅकिंग, अशी एकच पातेली तीन-चार मालकांच्या हातांतून जाते. यातले बरेच जण जॉबवर्क करतात. माल व्यापाऱ्याचा, मेहनत, वीज आणि बफ (पॉलिशचं चाक) यांचा खर्च गाळेवाल्याचा, आणि पैसे दोन-तीन महिन्यांनी. बाजार उतरला की व्यापारी आधी ऑर्डर कमी करतो आणि मग जुनं बिल थांबवतो. मंदीचा घाव असा वरून खाली येतो आणि सगळ्यात शेवटी असलेल्या माणसाच्या अंगावर पूर्ण पडतो, कारण त्याला तो पुढे ढकलायला कोणी उरलेलं नसतं. नोव्हेंबर 2016ची नोटाबंदी, जुलै 2017चा जीएसटी, मार्च 2020ची टाळेबंदी असे धक्के साडेतीन वर्षांच्या आत बसले. अशा वेळी त्या माणसाला दिलेली मदत हा धर्माचा प्रश्न आहे, आणि तो नीट मांडला गेला पाहिजे: ही मदत म्हणजे दान, की आपण त्याचं देणं लागतो?

मराठी माणसाला या प्रश्नाचं सर्वांत जवळचं उदाहरण देहूत सापडतं. तुकाराम महाराज दुकानदार होते आणि घरात सावकारीही होती. 1630च्या सुमाराच्या दुष्काळात धंदा बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, आणि या काळातली लाज त्यांनी स्वतःच्या अभंगांत बोलून दाखवली आहे. संतचरित्रकार महिपतींनी सांगितलेल्या कथेप्रमाणे पुढे कर्जखतांच्या वाटण्या झाल्या. निम्मी खतं धाकट्या भावाला, कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याची तुकोबांनी इंद्रायणीत सोडली. या कथेतलं सोडणं सर्वांना आठवतं, वाटणी मात्र क्वचितच कोणी लक्षात घेतं. मला वाटणीच अधिक महत्त्वाची वाटते. कान्होबाला घर चालवायचं होतं, म्हणून त्याचा हक्क शाबूत ठेवला, माफी दिली ती फक्त स्वतःच्या येण्याची. दुसऱ्याच्या पैशावर उदार होणं सोपं असतं. मंदीत बिल थांबवणारा व्यापारी नेमकं उलट करतो. तो गाळेवाल्याच्या पैशावर स्वतःचा धंदा तगवतो, आणि दिवाळीला त्याच गाळेवाल्याच्या कामगारांना मिठाईचा डबा पाठवून दानाचं समाधान मिळवतो.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार आहेत, आणि तिरस्काराने, अवहेलना करून दिलेलं दान तामस म्हटलं आहे. संकटातल्या दुकानदाराला हे रोज भोगावं लागतं. सल्ला ऐकवला जातो तोही याच सुरात: ऑनलाइन विक, खर्च कमी कर, काळाबरोबर बदल. कुराणात अडचणीतल्या ऋणकोला हात मोकळा होईपर्यंत मुदत द्यायला सांगितलं आहे. यहुदी आचार्य मायमोनिडीस यांनी दानाच्या आठ पायऱ्यांत सर्वांत वर ठेवली आहे ती मदत, जी कोसळू पाहणाऱ्याला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन त्याच्या पायावर उभं ठेवते. वेगवेगळ्या परंपरांमध्ये एक गोष्ट समान दिसते: मदतीत घेणाऱ्याची मान खाली जाता कामा नये.

ही केवळ भावनेची बाब नाही. लाजेची किंमत पैशात मोजावी लागते. कर्जाचा हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत, ठरतं. त्याआधीच, अडचणीची पहिली चिन्हं दिसताच, लघुउद्योजकाने स्वतः बँकेकडे अर्ज करून पुनर्रचना मागावी अशी चौकट केंद्र सरकारने 2015मध्ये आणि रिझर्व्ह बँकेने 2016मध्ये ठरवून दिली. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2024मध्ये ती बँकांवर बंधनकारक असल्याचं सांगितलं, पण उद्योजकानेही आपली बाजू वेळेत मांडली पाहिजे असंही स्पष्ट केलं. म्हणजे ज्याला बोलायची लाज वाटते, त्याचा हक्क गप्प राहण्यातच जातो. अशा माणसाजवळ वही घेऊन बसणारा, थकलेली बिलं आणि हप्त्यांच्या तारखा समोर मांडणारा, बँकेत सोबत जाणारा जाणकार हवा. खरा सल्ला तो.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला, दुबळे धंदे बंद पडावेत, त्यातच बाजाराचं आरोग्य आहे. काही धंदे बंद व्हावेत हे मलाही मान्य आहे. पण पॉलिशचं काम चोख असूनही केवळ व्यापाऱ्याने पैसे अडवले म्हणून बुडालेला गाळा दुबळा कसा? मंदी कसब तपासत नाही, हातातली रोकड तपासते. दुसरा आक्षेप, सूट दिली की लोक परतफेड सोडतात. हा गंभीर आहे, आणि म्हणूनच सरसकट कर्जमाफीपेक्षा मुदत, पुनर्रचना आणि थकलेल्या बिलांची वसुली यांवर माझा भर आहे. देणेकऱ्याची सवय बिघडते ही चिंता खरी असेल, तर ती आधी बिल थकवणाऱ्या मोठ्या खरेदीदाराला लावली पाहिजे. 2006च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. एप्रिल 2024पासून आयकर कायद्यानेही अशा थकीत रकमेची वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत अडवली आहे. तरीही गाळेवाला तक्रार करायला कचरतो, कारण पुढची ऑर्डर त्याच व्यापाऱ्याकडून यायची असते.

तिसरा आक्षेप धार्मिक आहे: जो तो आपलं प्रारब्ध भोगतो. असं म्हणणाऱ्याने एक विचार करावा. एकाच महिन्यात एका वस्तीतले शेकडो गाळे थंडावतात, तेव्हा त्याचं कारण एकेकाच्या कर्मात शोधणं ही जबाबदारी टाळण्याची पळवाट ठरते. ज्यांनी वर्षानुवर्षं त्या गाळ्यांच्या उधारीवर धंदा केला, त्यांचाही त्या कर्मात वाटा आहे. सरकारी मदतही अशा सगळ्यांपर्यंत पोहोचली नाही. टाळेबंदीनंतरच्या हमी कर्जयोजनेचा लाभ मुख्यतः आधीच बँकेचं कर्ज असलेल्यांना मिळाला. ज्याने कधी कर्ज घेतलंच नव्हतं, केवळ भिशी आणि ओळखीवर चालवलं, तो बाहेर राहिला. फेरीवाल्यांसाठी जून 2020मध्ये स्वनिधी योजना आली, तेव्हा पहिलं कर्ज 10,000 रुपयांपर्यंतचं होतं. ही चांगली सुरुवात होती, पण भाड्याच्या गाळ्यात दोन प्रेस चालवणारा तिच्यात बसत नाही.

म्हणून गोडदेवच्या गाळेवाल्यांकडून माल किंवा काम करून घेणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. मंदिराच्या, देरासरच्या, दर्ग्याच्या किंवा चर्चच्या पेटीत रक्कम टाकण्याआधी आपल्या वहीतलं गाळेवाल्याचं सर्वांत जुनं बिल काढा आणि ते याच महिन्यात चुकतं करा.