राज्यसंस्थेला धर्म असू शकतो काय? गांबियाचे उदाहरण

पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून गांबिया नदीच्या दोन्ही काठांना धरून पूर्वेकडे तीनशेहून अधिक किलोमीटर आत शिरलेली आणि रुंदीने कोठेही फारतर पन्नास किलोमीटर भरणारी चिंचोळी पट्टी म्हणजे गांबिया हा देश होय. अटलांटिक महासागराची बाजू सोडली तर तो सर्व बाजूंनी सेनेगलने वेढलेला आहे. 1889 मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांनी आपापसांत करार करून आखलेली ही सीमा मांडिंका, फुला, वोलोफ, जोला, सेरेर अशा समाजांच्या मधूनच गेली, आणि त्यामुळे एकाच कुळाची माणसे दोन देशांत विभागली गेली. भुईमुगाची शेती, युरोपीय पर्यटकांनी हिवाळ्यात भरणारे समुद्रकिनारे आणि परदेशी गेलेल्या गांबियनांनी घरी पाठवलेला पैसा यांवर येथील सुमारे चोवीस लाख लोकांचा निर्वाह मुख्यतः चालतो. त्यांपैकी शेकडा पंचाण्णवांहून अधिक लोक मुसलमान आहेत आणि उरलेल्यांत ख्रिस्ती बहुसंख्य आहेत.

जवळजवळ सर्व प्रजा एकाच धर्माची असताना राज्यानेही तो धर्म आपला म्हणावा की नाही, हा प्रश्न अशा देशात पुस्तकी राहत नाही. धर्मनिरपेक्षता ही बहुधर्मी समाजाची सोय आहे, अल्पसंख्य नगण्य असतील तर तिची गरज उरत नाही, असा युक्तिवाद नेहमी केला जातो आणि वरवर पाहता तो बिनतोडही वाटतो. परंतु समाजाचा धर्म आणि राज्यसंस्थेचा धर्म या एकाच जातीच्या गोष्टी आहेत असे त्यात गृहीत धरलेले असते, आणि हे गृहीतकच तपासण्याजोगे आहे.

ते तपासण्याची सामग्री पाश्चात्त्य उदारमतवादातूनच आणावी लागते असे नाही. याच नदीच्या परिसरातील इस्लामी परंपरेत ती फार पूर्वीपासून आहे. आजच्या माली देशातील अल-हाज सालिम सुवारी या मध्ययुगीन धर्मपंडिताला आपला मूळ गुरू मानणारे जाखांके नावाचे विद्वान-कुळांचे समुदाय सेनेगल आणि गांबिया या नद्यांच्या प्रदेशात पसरले. राजधान्यांपासून दूर स्वतःची गावे वसवून त्यांनी कुराणाचे अध्यापन हाच आपला व्यवसाय केला. अश्रद्धा हे पाप नसून अज्ञान आहे, कोणाला सत्याचा बोध केव्हा व्हावा हे ईश्वराच्या योजनेत ठरलेले असते, म्हणून धर्मप्रसारासाठी शस्त्र उचलणे म्हणजे त्या योजनेत ढवळाढवळ करणे होय, असा या शिकवणुकीचा गाभा आहे. इस्लामेतर राजाच्या राज्यात राहण्यास त्यांची हरकत नसे. मात्र राजा मुसलमान असला तरी त्याच्या दरबारात पद स्वीकारणे ते टाळत. गांबियातच 1942 मध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत येल विद्यापीठात अध्यापन केलेले इतिहासकार लामिन सान्नेह यांनी या परंपरेचा आयुष्यभर अभ्यास केला. सान्नेह जन्माने मुसलमान होते आणि तरुणपणी ख्रिस्ती झाले, ही बाब येथे अप्रस्तुत नाही. ज्या धर्माचा त्यांनी त्याग केला त्याच धर्मातील शांततावादी प्रवाहाचे ते सर्वांत आस्थेवाईक भाष्यकार ठरले.

या प्रवाहाला आव्हान मिळालेच नाही असे मात्र नव्हे. एकोणिसाव्या शतकात माबा जाखू बा या धर्मगुरूने नदीच्या उत्तर काठावर 1861 च्या सुमारास धर्मयुद्ध पुकारले आणि 1867 मध्ये तो लढाईत मारला गेला. जुन्या राजघराण्यांशी धर्मगुरूंच्या अनुयायांचा हा संघर्ष पुढेही दीर्घकाळ चालला आणि त्यात गावेच्या गावे उजाड झाली. तथापि बहुसंख्य प्रजा इस्लामकडे वळली ती वसाहतकाळात, म्हणजे राज्यकर्ते ख्रिस्ती असताना, आणि हा क्रम राजाश्रयाविना धर्म टिकत नाही असे मानणाऱ्यांना अडचणीत टाकणारा आहे.

1994 मध्ये लष्करी उठावाने सत्तेवर आलेले याह्या जामेह यांनी 11 डिसेंबर 2015 रोजी ब्रुफुत येथील सभेत गांबिया हे ‘इस्लामी प्रजासत्ताक’ असल्याचे घोषित केले. वसाहतवादी वारसा झुगारण्यासाठी हे पाऊल उचलल्याचे कारण त्यांनी दिले; युरोपीय मदत आटल्यावर अरब देशांकडे हात पसरण्याची ही तयारी आहे, असे अनेक निरीक्षकांचे मत पडले. 1997 ची राज्यघटना जामेह यांच्याच राजवटीत अमलात आली होती, आणि कोणताही धर्म राज्यधर्म म्हणून प्रस्थापित करणारे विधेयक संसदेने संमत करू नये, असे तिचे शंभरावे कलम स्पष्ट सांगते. सरकारी नोकरीतील स्त्रियांनी केस झाकावेत असा हुकूम पुढच्याच महिन्यात निघाला आणि थोड्याच दिवसांत मागे घेतला गेला. 2016 च्या निवडणुकीत, जिथे मतदार उमेदवाराच्या पिंपात काचेची गोटी टाकतो, जामेह पराभूत झाले. जानेवारी 2017 मध्ये नवे अध्यक्ष आदामा बॅरो यांनी देशाच्या नावातून ‘इस्लामी’ हे विशेषण काढून टाकले.

राज्याने धर्म स्वीकारला की कोणता अर्थ खरा हे ठरवण्याचे कामही त्याच्याकडे येते. मूळ अडचण येथे आहे. स्वातंत्र्यानंतरचे गांबियातील पहिले गांबियन गव्हर्नर-जनरल फारिमांग सिंगाते हे अहमदिया पंथाचे होते; 2015 मध्ये तेथील सर्वोच्च इस्लामी परिषदेने याच पंथाला इस्लामबाह्य ठरवले. मुलींच्या जननेंद्रियांचे छेदन करण्याच्या प्रथेवर 2015 साली कायद्याने बंदी आली. ती उठवण्यासाठी संसदेत आलेले विधेयक जुलै 2024 मध्ये फेटाळले गेले, आणि त्या वादात दोन्ही पक्षांनी इस्लामचाच आधार घेतला. सुदानी विचारवंत अब्दुल्लाही अन-नईम यांचा 2008 चा ग्रंथ नेमका हाच मुद्दा मांडतो: श्रद्धा म्हणजे स्वेच्छेने दिलेली संमती आणि ती देण्याजोगे अंतःकरण राज्यसंस्थेपाशी नसते, म्हणून राज्याचा धर्म म्हणजे प्रत्यक्षात सत्ताधाऱ्यांचे धर्माविषयीचे मत. या युक्तिवादाला समाधानकारक उत्तर अद्याप कोणी दिलेले दिसत नाही.

तथापि सत्तेपासून दूर राहण्याची जाखांके रीतही निर्दोष नव्हे. या विद्वानांची शेती गुलामांच्या श्रमांवर चालत असे आणि राजकारण टाळण्याच्या व्रतामुळे अन्यायाविषयी मौन बाळगणे सोपे जाई. जामेह यांच्या काळातही पुष्कळ इमाम गप्प राहिले. ऑगस्ट 2012 मध्ये नऊ कैद्यांना देहदंड देण्यात आला तेव्हा इमाम बाबा ली यांनी त्याचा जाहीर निषेध केला आणि त्यापायी कित्येक महिने कोठडी भोगली. सत्तेशी अंतर राखल्याने धर्मगुरूला बोलण्याची मोकळीक मिळते, बोलण्याचे धैर्य मिळतेच असे नाही.

सामान्य माणसांनी हा प्रश्न आपल्यापुरता सोडवलेला दिसतो. तोबास्की, म्हणजे बकरी ईदच्या दिवशी कुर्बानीच्या मांसाचा वाटा ख्रिस्ती शेजाऱ्याकडे जातो आणि गुड फ्रायडेला ख्रिस्ती घरांतून ‘नान म्बुरू’ हा गोड पदार्थ मुसलमानांकडे येतो. राज्यघटनेचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. जामेह यांच्यानंतर तयार झालेल्या नव्या घटनेच्या मसुद्यात राज्य धर्मनिरपेक्ष असल्याचा स्पष्ट उल्लेख हवा, ही ख्रिस्ती संघटनांची मागणी मान्य झाली नाही. तो मसुदाही सप्टेंबर 2020 मध्ये, मुख्यतः अध्यक्षपदाच्या मुदतीवरील वादामुळे, संसदेत आवश्यक तीन-चतुर्थांश मते मिळवू शकला नाही. परिणामी 1997 ची राज्यघटना आणि तिचे शंभरावे कलम गांबियात आजही लागू आहे.