मॅच शहराला मिळते तेव्हा

नागपूरला मॅच मिळाली की रामदासपेठेत दोन तऱ्हेचे फोन वाजू लागतात. एक पासासाठी. दुसरा, त्या दिवशी पेशंटला घेऊन यायचं की पुढची तारीख घ्यायची, हे विचारण्यासाठी. पहिल्या फोनची या शहराला जुनी सवय आहे. दुसऱ्याकडे आपलं लक्ष फार उशिरा गेलं. आंतरराष्ट्रीय सामन्याबद्दलचं नागपूरकरांचं मत गेल्या पन्नासेक वर्षांत कसं पालटत गेलं, ते या दोन फोनांच्या मधल्या अंतरावरून कळतं.

आधी होता तो निव्वळ मान. १९५६ साली नागपूरचं राजधानीपण गेलं. १९६० नंतर सरकार इथं हिवाळी अधिवेशनापुरतं यायला लागलं. मुंबईकडे बघत राहायची सवय लागलेल्या या शहरात ऑक्टोबर १९६९ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध पहिली कसोटी झाली. भारत १६७ धावांनी हरला. पण जुनी माणसं त्या कसोटीबद्दल बोलायला लागली की निकाल सगळ्यात शेवटी यायचा. आधी यायचं ते कोण कुठं बसलं होतं, कोणाला जवळून पाहिलं, हेच. सिव्हिल लाइन्सचं विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं मैदान रामदासपेठेतून महाराजबागेच्या बाजूनं सायकलनं गाठता यायचं. डबा बांधून न्यायचा, संध्याकाळी घरी. पाहुणे शहरात आले, एवढ्यावर शहर खूश होतं.

त्या खुशीचा कळस म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८७. विश्वचषकाचा सामना, समोर पुन्हा न्यूझीलंड. चेतन शर्मानं ओळीनं तिघांचे त्रिफळे उडवले, विश्वचषकातली पहिली हॅट्‌ट्रिक. मग ताप अंगात असताना गावसकरनं ८८ चेंडूंत नाबाद १०३ केल्या, त्याच्या एकदिवसीय कारकिर्दीतलं एकमेव शतक. गटात पहिलं येण्यासाठी २२२ धावा ४२.२ षटकांत हव्या होत्या, त्या ३२.१ षटकांत झाल्या आणि उपांत्य सामना लाहोरऐवजी मुंबईला आला. त्या दिवसानंतर नागपुरात कोणाला ‘मॅच कशाला हवी?’ असं विचारण्याची सोय राहिली नाही. असा दिवस बघितलेलं शहर पुढची कित्येक वर्षं त्याच आठवणीवर मतं बनवतं.

म्हणून १९९५ मला फार महत्त्वाचं वाटतं. २६ नोव्हेंबरला न्यूझीलंडविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात, जेवणाच्या सुट्टीत, पूर्वेकडच्या स्टँडची भिंत कोसळली. सामना बघायला आलेली माणसं त्यात गेली, कित्येक जखमी झाले. सामना मात्र पूर्ण खेळवला गेला. स्कोअरकार्डावर न्यूझीलंडच्या ॲस्टलचं शतक आहे, भारताच्या ९९ धावांनी झालेल्या पराभवाची नोंद आहे. क्रिकेटच्या नोंदवह्यांत प्रेक्षकांसाठी रकानाच नसतो. पुढे जेमतेम तीन महिन्यांनी, १ मार्च १९९६ला, त्याच मैदानावर ऑस्ट्रेलिया आणि झिम्बाब्वे यांचा विश्वचषकाचा सामना झाला.

त्या तीन महिन्यांत शहर काय बोललं? हळहळलं, आणि मग विश्वचषकाच्या तिकिटांकडे वळलं. याबद्दल मी कोणा एकाला बोल लावणार नाही. मान मिळाल्याच्या भावनेचा तो स्वभावच आहे. ज्यानं आपल्याला निवडलं त्याच्याकडे हिशेब मागायला जीभ रेटत नाही. तरीही एक गोष्ट तेव्हापासून बदलली. घरातलं कोणी मॅचला निघालं की ‘कुठल्या बाजूला बसणार?’ हा प्रश्न आता काळजीनं विचारला जाऊ लागला. शहराच्या मतात पहिली शंका शिरली ती अशी, घरच्या उंबऱ्यातून.

२००८ मध्ये सामने वर्धा रोडवर, जामठ्याला गेले. पंचेचाळीस हजारांचं देखणं स्टेडियम, ऐसपैस मैदान. शहरातल्या जुन्या मैदानापेक्षा ते सुरक्षित, यात वाद नाही. पण नोव्हेंबरमधल्या पहिल्याच कसोटीत, सौरव गांगुलीच्या अखेरच्या कसोटीत, खुर्च्या मोठ्या संख्येनं रिकाम्या होत्या. कचेरीतून दोन तास सुटून बघायचा खेळ शहराबाहेर गेला की कसोटीचा प्रेक्षक तुटतो. उरतो तो एकदिवसीय आणि ट्वेंटी-२० सामन्यांचा लोंढा, एकाच वेळी जाणारा आणि एकाच वेळी परतणारा.

आता तो दुसरा फोन. वर्धा, हिंगणघाट, चंद्रपूर, यवतमाळकडचे पेशंट ज्या रस्त्यानं नागपुरात येतात तो हाच वर्धा रोड. रामदासपेठ आणि धंतोलीतले दवाखाने याच रस्त्याच्या दोन्ही अंगांना. मिहानचं एम्सही त्याच वाटेवर, आणि जामठ्यालाच आता नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट उभी आहे. मॅचच्या रात्री या रस्त्यावर उभं राहून बघावं. निळे टी-शर्ट, गालांवर तिरंगा, दुचाकीवर तिघं-तिघं, भोंगे; आणि त्यांच्या मधोमध इंच-इंच सरकणारी एखादी ॲम्ब्युलन्स. पोरं वाईट नसतात, बाजूला व्हायला बघतात, पण व्हायला जागाच नसते. ॲम्ब्युलन्समध्ये पुढच्या सीटवर बसलेल्या नातेवाइकाचा चेहरा पाहिला की शहराला मॅच मिळाली म्हणजे नेमकं कोणाला काय मिळालं, हा प्रश्न आपोआप पडतो. २०१९ मध्ये खापरीपर्यंत मेट्रो आली, त्यानं बराच भार हलका केला. खापरीच्या पुढचं अंतर मात्र पुन्हा रस्त्यावरच कापावं लागतं.

खेळपट्टीवरूनही शहरानं बोल ऐकले. २००४ मध्ये सिव्हिल लाइन्सवर हिरवी खेळपट्टी दिली म्हणून. तिथं ऑस्ट्रेलियानं ३५ वर्षांनी भारतात मालिका जिंकली. २०१५ मध्ये उलट, जामठ्याची खेळपट्टी पहिल्या दिवसापासून फिरली म्हणून. दक्षिण आफ्रिका ७९ धावांत गारद झाली, कसोटी तिसऱ्या दिवशी संपली आणि आयसीसीनं खेळपट्टीला ‘खराब’ शेरा दिला. दोन्ही वेळा नाव गेलं ते नागपूरचं, आणि खेळपट्टी कशी असावी हे नागपूरकरांना कोणी विचारलं नव्हतं.

ती कसोटी २७ नोव्हेंबर २०१५ला संपली. दोनच दिवसांनी जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात २०२४च्या ऑलिम्पिकसाठी दावा करावा की नाही यावर मतदान झालं आणि थोड्या फरकानं लोकांनी ‘नको’ म्हटलं. दावा मागे घेतला गेला. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या मतदारांनी तर डेन्व्हरला मिळालेलं १९७६चं हिवाळी ऑलिम्पिक नाकारलं होतं. मला त्यांचा नकार उसना घ्यायचा नाही. माझं नागपूर मॅचवर प्रेम करतं आणि ते प्रेम खरं आहे. हेवा वाटतो तो विचारलं जाण्याचा.

२०२३च्या विश्वचषकाची दहा केंद्रं जाहीर झाली, त्यांत नागपूर नव्हतं. १९८७, १९९६ आणि २०११ या तिन्ही वेळी भारतातल्या विश्वचषकाचा सामना झालेलं शहर वगळलं गेलं, याचं वाईट वाटलं, मलाही वाटलं. पण रामदासपेठेतल्या चहाच्या टपरीवर त्या आठवड्यात मला एक नवीन सूर ऐकू आला: ‘नाही मिळाली तर नाही मिळाली, आपले पोट्टे तर खेळून राहिले ना!’ आणि ते खरंच होतं. विदर्भानं २०१८ आणि २०१९ मध्ये रणजी करंडक जिंकला होता. २०२५ मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा जिंकला, तोही जामठ्यालाच. त्याच वर्षी जुलैत नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बाटुमीत महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकून आली, तेव्हा विमानतळावर गर्दी लोटली. त्या आनंदासाठी शहरानं कुठलंही यजमानपद घेतलेलं नव्हतं.

आता २०३०चं राष्ट्रकुल अहमदाबादला मिळालं आहे आणि २०३६च्या ऑलिम्पिकसाठी देश प्रयत्नात आहे. उद्या महाराष्ट्रातल्या एखाद्या शहराचं नाव कशासाठी तरी पुढे येईल, आणि त्या शहराचाही ऊर आधी भरूनच येईल. नागपूरनं तेव्हा आपला अनुभव मोकळेपणानं सांगावा. प्रेक्षक दगावला तर जबाबदार कोण, हे त्या शहरानं करारात आधी लिहून घ्यावं. सामना संपल्यावर ते मैदान स्थानिक मुलींना आणि मुलांना वर्षातले किती दिवस मिळेल, तेही लिहून घ्यावं. आणि जामठ्याच्या पुढच्या मॅचसाठी तर थांबायचंही कारण नाही. मेट्रोचा दुसरा टप्पा बुटीबोरीपर्यंत पोचेल तेव्हा पोचेल. तोवर सामन्याच्या दिवशी वर्धा रोडची एक मार्गिका जामठ्यापासून रहाटे कॉलनीपर्यंत फक्त ॲम्ब्युलन्ससाठी मोकळी ठेवावी, आणि तिकीट विक्री सुरू होण्याआधी तसं जाहीर करावं.