जागल्याची हांक

खेड्यांतील जागल्याचें काम चोर पकडण्याइतकेंच हांक देण्याचेंही असे. चोर आला नाहीं तरी त्याची आरोळी रात्रभर ऐकूं येई, आणि ती ऐकून गृहस्थ निश्चिंतपणें कुशीवर वळे. आजच्या यंत्रयुगांतील जागल्याची रीत मात्र उलटी आहे : संकट आलें तरच तो बोलतो.

परभणींतील एका लहान संस्थेच्या सर्व्हरवर लक्ष ठेवण्याचें काम आमच्याकडे होतें. जिंतूर-गंगाखेडकडील विद्यार्थी त्यावर प्रवेशाचे अर्ज भरीत. आम्हीं दहा-बारा ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली. तिनें दर पांच मिनिटांनीं सर्व्हरला साद घालावी व उत्तर न आल्यास आम्हांस ईमेल धाडावा, एवढेंच तिचें काम. मृगाच्या एका रात्रीं वादळानें वीज गेली. सर्व्हर बंद पडला. पण स्क्रिप्टचा संगणकही त्याच खोलींत, त्याच विजेवर चालणारा! ईमेल आला नाहीं, आम्ही सुखानें झोंपलों, आणि अर्जांची मुदत त्याच रात्रीं संपली.

अशी चूक थोरांच्या हातूनही घडते. ३१ जानेवारी २०१७ रोजीं गिटलॅब या कंपनींत एका कर्मचाऱ्याकडून मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला. राखीव प्रत शोधूं जातां असें आढळलें कीं, ती रोजची प्रत निघतच नव्हती. तसें कळविणारे ईमेल सुटत होते. परंतु त्यांची ओळख न पटल्यामुळें टपालव्यवस्था ते नाकारीत होती. सुमारें सहा तासांची माहिती कायमची गेली.

मौनं संमतिलक्षणम् म्हणतात. आम्हीं तर मौन हेंच कुशलाचें लक्षण मानलें. मग दोष कोणाचा? स्क्रिप्ट खोटें बोलली नव्हती. तिच्या न बोलण्याचा सोईस्कर अर्थ आम्हींच लावला.

आतां ती दर तासाला ‘कुशल आहे’ असें दुसऱ्या गांवच्या यंत्रास कळविते, आणि हांक चुकली कीं तें यंत्र आम्हांस उठवितें. पण त्या यंत्रावर कोण लक्ष ठेवणार? ही साखळी कितीही लांबविली तरी तिच्या शेवटीं हांक न आल्यानें अस्वस्थ होणारा एक माणूस असावाच लागतो. पहारा यंत्राकडे सोंपवितां येतो, जबाबदारी सोंपवितां येत नाहीं.

ज्यांचे अर्ज राहिले, त्यांस ‘यंत्र बंद पडलें’ असें आम्हीं सांगितलें. तें खरें होतें. पण त्यांनीं भरंवसा आमच्यावर ठेवला होता.