दुसरी खोली

परदेशातल्या मोठ्या शहरात पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलेला विद्यार्थी पहिल्या खोलीत क्वचितच रुळतो. ती खोली घरबसल्या ठरलेली असते: फोटो पाहून, डिपॉझिट भरून, नकाशावर विद्यापीठाचे अंतर मोजून. दुसरी खोली तो स्वतः पायपीट करून शोधतो. मधल्या काळात कुठले दुकान स्वस्त, कुठली बस भरवशाची आणि कोणाबरोबर आपले पटेल, हे त्याला उमगलेले असते. शहर अंगवळणी पडते ते बहुधा या दोन खोल्यांच्या मधल्या दिवसांत.

अंबरनाथच्या मोरिवलीतून निघणाऱ्या मुलामुलींसाठी याचे सर्वांत जवळचे उदाहरण लोकलने तिसऱ्या स्टेशनावर आहे. उल्हासनगर, विठ्ठलवाडी आणि मग कल्याण. तिथल्या जोशी घराण्यात 1865 साली जन्मलेली यमुना, म्हणजे लग्नानंतरच्या आनंदीबाई जोशी, 7 एप्रिल 1883 रोजी कोलकात्याहून बोटीने निघाली आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली. वय अठरा. उन्हाळा रोझेल गावी थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी मायेत गेला. खरी कसोटी लागली ती फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकू लागल्यावर. तिथल्या खोलीतली शेगडी धड पेटत नसे. पेटवली तर धूर, न पेटवली तर गारठा. यांतून रोज एकाची निवड. नऊवारी लुगड्यात पाय उघडे पडत, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. आहार मात्र शाकाहारीच ठेवला. त्यांची चिकाटी आपल्याकडे नेहमी सांगितली जाते, शेगडी कोणी सांगत नाही. वास्तविक हवामान, कपडा आणि अन्न यांचा हिशेब जुळणे ही अभ्यासाइतकीच मोठी बाब होती. 11 मार्च 1886 रोजी त्यांना एम. डी. पदवी मिळाली, पण तोवर प्रकृती पार ढासळली होती. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आजच्या अर्थाने पदव्युत्तर म्हणावा असा विद्यार्थी आनंदीबाई उतरल्यानंतर तीस वर्षांनी न्यूयॉर्कला पोचला. जुलै 1913 मध्ये बावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. आणि त्यातूनच घरीही पैसे पाठवायचे. विद्यापीठाच्या हार्टली हॉल वसतिगृहात ते जेमतेम आठवडाभर राहिले. तिथले जेवण अर्धेकच्चे आणि गोमांसाचे असे, ते त्यांना जाईना. मग 114व्या रस्त्यावरचा कॉस्मॉपॉलिटन क्लब गाठला, कारण तिथे भारतीय विद्यार्थी राहत. शेवटी लिव्हिंग्स्टन हॉल हे वसतिगृह. म्हणजे ज्ञानाची भूक जगजाहीर असलेल्या या विद्यार्थ्याच्या परदेशातल्या पहिल्या हालचालीही ताटाने आणि खोलीनेच ठरवल्या. यात कमीपणा काहीच नाही. घास घशाखाली उतरेना तर ग्रंथालयात बसणार कोण!

लिव्हिंग्स्टन हॉलमधल्या मुक्कामाने त्यांना नवल भथेना हा पारशी मित्र दिला. अर्थशास्त्राचे सेलिग्मन, तत्त्वज्ञानाचे जॉन ड्यूई असे अध्यापक वर्गात भेटत होते. 1915 साली एम. ए. झाले, मे 1916 मध्ये मानववंशशास्त्राचे अध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. हे सारे चरित्रांत सविस्तर येते. खोलीतल्या मैत्रीचे मोल मात्र पुढे कळले. न्यूयॉर्कहून ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्ती संपल्यामुळे 1917 साली तिथला अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले होते. 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा गाठीशी स्वतःची बचत, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना यांच्याकडून उसने घेतलेले पाच हजार रुपये होते.

लंडनमध्ये ओढगस्त अधिक होती. दिवस ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात, रात्री भूक लागली की भाजलेले पापड. 1921-22 मध्ये ते किंग हेन्रीज रोडवरच्या 10 क्रमांकाच्या घरात राहिले. ते घर महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये विकत घेऊन तिथे स्मारक केले. एका विद्यार्थ्याच्या भाड्याच्या बिऱ्हाडाला असे भाग्य क्वचितच लाभते.

शेगडीचा प्रश्न आता उरलेला नाही, हिटर असतात. त्याच्या जागी छतावरचा स्मोक अलार्म आला. मोहरीची फोडणी पडताच तो किंचाळू लागतो आणि सामायिक स्वयंपाकघरातले बाकीचे रहिवासी धावत येतात. झाकण ठेवून, खिडकी उघडून, मंद आचेवर फोडणी करणे ही परदेशी शिक्षणातली पहिली विद्या म्हटली तरी चालेल.

पैशाची चालही फारशी बदललेली नाही. बडोद्याची रक्कम महिन्याच्या मापाने मिळत असे. जर्मनीला जाणाऱ्याला सप्टेंबर 2024 पासून वर्षाचे 11,904 युरो आधीच एका बंद खात्यात ठेवावे लागतात, आणि त्यातून दरमहा 992 युरोच हाती येतात. मोठ्या शहरात त्यातला निम्म्याहून अधिक हिस्सा भाडे सहज गिळते. ब्रिटनमध्ये पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासच काम करता येते. त्या कमाईवर भाडे फेडण्याचा बेत गावात बसून आखला जातो आणि तिकडे पहिल्याच महिन्यात कोलमडतो.

कागदपत्रे एकमेकांत अडकलेली असतात. घरमालक स्थानिक हमीदार मागतो, बँक पत्त्याचा पुरावा मागते आणि पत्ता तर घरमालकाच्या हाती. ही गाठ बहुतेक वेळा विद्यापीठाच्या पत्राने सुटते, म्हणून ते पत्र पहिल्याच आठवड्यात घ्यावे. ब्रिटनमध्ये पूर्णवेळ विद्यार्थ्याला स्थानिक घरपट्टीतून सूट मिळवायलाही तसलेच प्रमाणपत्र लागते, आणि डॉक्टरकडे नाव नोंदवायचे ते ताप येण्यापूर्वी.

मोसमाचा घाव उशिरा बसतो. सप्टेंबरमधले लंडन प्रसन्न असते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर मागे जातात, आणि डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याच सुमारास घरच्या फोनचेही गणित बिघडते. उन्हाळ्यात संध्याकाळी सातला केलेला फोन मोरिवलीत रात्री साडेअकराला वाजतो, हिवाळ्यात साडेबाराला. आई जागी राहते. पण सकाळची बदलापूर लोकल तिलाही पकडायची असते. फोन रविवारवर जातो. आठवड्याची मोकळी झालेली ती संध्याकाळ मग कोणाबरोबर तरी घालवावी लागते, आणि बहुतेकांचे भथेना याच सुमारास भेटतात: वर्गातला नायजेरियन, खालच्या मजल्यावरची कोलंबियन, नाहीतर चक्क डोंबिवलीचा कोणीतरी.

त्यांच्यापैकीच दोघेतिघे मिळून पुढचे घर पाहतात. या वेळी बघण्याच्या गोष्टी वेगळ्या असतात: खिडकीच्या चौकटीला ओल आहे का, हिटरचे बिल भाड्यात धरले आहे का, रात्री शेवटची बस किती वाजता, तांदूळ कुठे मिळतो. सामान हलते आणि पत्ता बदलतो. जर्मनीत नव्या घरात गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत पुन्हा नोंद करावी लागते. बँकेला आणि विद्यापीठालाही कळवावे लागते. नाहीतर पत्रे पुढचे कित्येक महिने पहिल्या खोलीच्या दारातच पडत राहतात.