बुराडीची संक्रांत

शाळेच्या परिपाठात सुविचार झाला की दिनविशेष येतो. १४ जानेवारीला मराठी शाळांच्या फळ्यावर हमखास एक ओळ असते : १७६१, पानिपतची तिसरी लढाई. वाचणारं मूल ती भरभर वाचून टाकतं, कारण त्याच दिवशी तिळगूळ वाटायचा असतो. या दोन गोष्टी अशा शेजारी बसल्यामुळे एक समजूत आपल्या मनात कायमची घर करून राहिली आहे. पानिपतावर ऐन संक्रांतीच्या दिवशी संक्रांत कोसळली, असं वक्ते दरवर्षी सांगतात आणि ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा येतो.

तो दिवस संक्रांतीचा नव्हता. बुधवार, पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. त्या वर्षीची मकर संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. मराठ्यांच्या छावणीत तेव्हा दाण्याला दाणा मिळत नव्हता. रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरातच मारले गेले होते. तिळगूळ कुठला, घोड्यांना चंदीसुद्धा उरली नव्हती.

खरोखर संक्रांतीच्या दिवशी जो मराठा सेनानी पडला, तो त्याच्या आदल्या वर्षी, आणि आमच्या दिल्लीत. दत्ताजी शिंदे. १० जानेवारी १७६०, बुराडी घाट. हिवाळ्यात यमुनेचं पाणी उतरतं, पात्रात बेटं उघडी पडतात आणि त्यांवर माणूस बुडेल एवढं गवत माजलेलं असतं. रोहिला सरदार नजीबखानाचे बंदूकवाले त्या गवताच्या आडोशाने नदी उतरून आले. मराठ्यांच्या हाती मुख्यतः भाले आणि तलवारी. गवतातून येणाऱ्या गोळीला त्यांचा काय उपयोग? दत्ताजींचे तरुण पुतणे जनकोजी जखमी झाले, दत्ताजी पुढे धावले आणि गोळी लागून कोसळले. नजीबखानाच्या बाजूच्या कुत्बशाहाने त्यांना काय विचारलं आणि त्यांनी काय उत्तर दिलं, हे महाराष्ट्रात लहान मुलालाही पाठ असतं. पण बुराडी म्हणजे नेमकं कुठे, हे दिल्लीत वर्षानुवर्षं राहणाऱ्या मराठी माणसालाही पुष्कळदा सांगता येत नाही. दिल्लीच्या ऑटोवाल्याला विचारा, तो लगेच सांगेल. गाडीच्या फिटनेससाठी त्याला अनेक वर्षं बुराडीच्याच परिवहन कार्यालयात जावं लागलं आहे. आज तिथे दाटीवाटीच्या वसाहती आहेत, ई-रिक्षांची रांग आहे आणि त्यापलीकडे यमुना आहे.

मग तेव्हाची संक्रांत दहा जानेवारीला कशी? आपली संक्रांत ताऱ्यांच्या चौकटीत मोजतात, इंग्रजी वर्ष ऋतूंना बांधलेलं आहे. दोन्ही वर्षांत जेमतेम वीस मिनिटांचा फरक, पण तो साचत जातो आणि साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस होतो. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा संथपणे डुलतो, त्याचा हा परिणाम. खगोलशास्त्रात त्याला संपातचलन म्हणतात. दिनविशेषाच्याच यादीतल्या तारखा शेजारी ठेवून पाहा. दत्ताजी पडले ती संक्रांत १० जानेवारीची. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ मधला, तोही मकर संक्रांतीचा, पण तारीख १२ जानेवारी. आता आपण तिळगूळ वाटतो १४ तारखेला, कधी १५ तारखेला. एवढ्या तीन तारखांवरून आकाश सरकलेलं दिसतं. विज्ञानाच्या तासाला अवघड वाटणारी गोष्ट परिपाठाच्या दोन मिनिटांत मुलांच्या हाती लागते, आणि तरीही आपण त्या तारखा तीन वेगळ्या दिवशी वाचून मोकळे होतो.

तारखेला तारीख जोडून पाहण्याची सवय लागली की आणखी गोष्टी उलगडतात. बाजीराव पेशवे दिल्लीवर चालून आले तो दिवस पुस्तकांत २८ मार्च १७३७ असा छापतात. त्या दिवशी शहराबाहेर कालकादेवीची यात्रा भरली होती आणि बाजीरावांनी चिमाजीअप्पांना लिहिलेल्या पत्रात तिचा उल्लेख आहे. कालकाजीची चैत्र नवरात्रातली यात्रा आजही भरते, मेट्रो गच्च भरून वाहते. मात्र २८ मार्च ही जुन्या ज्युलियन कालगणनेतली तारीख आहे. इंग्लंडने १७५२ मध्ये कालगणना बदलली आणि अकरा दिवस गाळले, तेव्हा आजच्या हिशेबाने तो दिवस ८ एप्रिल येतो. म्हणजे फळ्यावर २८ मार्च लिहिताना आपण एका पंचांगातला दिवस दुसऱ्या पंचांगात नेऊन ठेवत असतो. तिथी मात्र चैत्राचीच राहिली, म्हणून यात्रेची खूण आजही जुळते. बाजीरावांच्या त्याच स्वारीत पुढे तालकटोऱ्यापाशी झुंज झाली. त्याच तालकटोऱ्याच्या स्टेडियममध्ये फेब्रुवारी २०२५ मध्ये अठ्ठ्याण्णवावं मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा कितीतरी मराठी माणसं ते नाव पहिल्यांदा इतिहासाशी जोडून ऐकत होती.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतात ते पानिपतानंतरचे दहा दिवस. नानासाहेब पेशव्यांना पराभवाची बातमी कळली ती २४ जानेवारीला, भेलसा इथे, म्हणजे आजच्या विदिशात. तीही एका सावकाराच्या पत्रातून, मोती गळाल्याच्या आणि मोहरा हरवल्याच्या सांकेतिक भाषेत. त्यांचा मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ चौदा तारखेलाच गेले होते. पण नानासाहेबांच्या आयुष्यात तो दिवस चौदा तारखेला आलाच नाही. दहा दिवस ते मदतीची फौज घेऊन, कोणीतरी वाट पाहत असेल या आशेने, उत्तरेकडे येत होते. भेलशाहून पुढे पुण्यात, साताऱ्यात, कोकणातल्या लहान गावांत ही बातमी आणखी किती दिवसांनी पोचली असेल? ज्या घरांतला कर्ता पुरुष पानिपतावर पडला होता, त्या घरांतही सकाळी सडा पडत होता, सौभाग्याचं कुंकू लागत होतं. दिनविशेषात एक तारीख येते. माणसांच्या घरात तो दिवस निरनिराळ्या तारखांना उतरला. नानासाहेब त्या धक्क्यातून सावरले नाहीत. २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर त्यांचा अंत झाला. हीसुद्धा पानिपतचीच तारीख आहे, पण ती जूनच्या पानावर वेगळी पडते.

तसंच १० फेब्रुवारी १७७१ या तारखेचं. दत्ताजींचे धाकटे बंधू महादजी पानिपतावरून पायाला जन्माचं अधूपण घेऊन परतले होते. राणेखान भिस्त्याने त्यांना वाचवलं नसतं तर तेही राहिले नसते. त्याच महादजींच्या काळात, पानिपतानंतर दहा वर्षांनी मराठ्यांनी दिल्ली पुन्हा घेतली आणि ६ जानेवारी १७७२ रोजी शाहआलम बादशहाला त्याच्या राजधानीत आणून बसवलं. आपल्या मुलांना १४ जानेवारी पाठ असते, १० फेब्रुवारी कोणी शिकवत नाही. हार सांगायची आणि त्यानंतरचं उभं राहणं सांगायचं नाही, हे मला मनापासून खटकतं. पानिपताजवळच्या काला अंब स्मारकावर १४ जानेवारीला महाराष्ट्रातून माणसं येतात, हरियाणातले रोड मराठा येतात, आणि ते व्हायलाच हवं. त्याच आठवड्यात कोणी बुराडीला आलं, आणि पुढच्या महिन्यात लाल किल्ल्यासमोर उभं राहून कोणी महादजींची गोष्ट सांगितली, तर ती साखळी पुरी होईल.

आणखी एक तारीख दिल्लीच्या मराठी घरांसाठी. ११ सप्टेंबरच्या दिनविशेषात विवेकानंदांचं शिकागोचं भाषण असतं, विनोबांचा जन्म असतो, अलीकडे न्यूयॉर्कचे कोसळलेले मनोरेही असतात. १८०३ सालचं पटपडगंज मात्र नसतं. यमुनेच्या पूर्वेला, जिथे आज अनेक मराठी कुटुंबं सोसायट्यांत राहतात, तिथे त्या दिवशी जनरल लेकच्या इंग्रज फौजेने महादजींचे वारस दौलतराव शिंदे यांच्या, फ्रेंच अधिकारी लुई बुर्कांच्या हाताखालच्या पलटणींचा पराभव केला. महादजींनी मागे ठेवलेली दिल्ली त्या एका दिवशी हातची गेली आणि आंधळा, म्हातारा शाहआलम इंग्रजांच्या आश्रयाला गेला. वर्ष संपता संपता, ३० डिसेंबरला, सुर्जी-अंजनगावच्या तहात शिंद्यांनी ते मान्यही केलं. इंग्रजांनी त्या विजयाचा स्तंभ उभारला, तो नोएडाच्या गोल्फ कोर्सवर अजून आहे. पटपडगंजच्या, मयूर विहारच्या मराठी मुलांनी येत्या ११ सप्टेंबरला विवेकानंद आणि विनोबांच्या खाली ही ओळ लिहावी, आणि वर्गात कोणी विचारलं तर लढाई कुठे झाली ते खिडकीतून बोट करून दाखवावं.